मासळीचा कायदा कोणाच्या बळावर चालेल?

पालघर जिल्ह्यातल्या वसई तालुक्यात महामार्गाच्या पूर्वेला असलेल्या चांदीपमधून समुद्र दिसत नाही. तरी इथल्या ताटात पडणारी मासळी अर्नाळा, वसई, सातपाटी या बंदरांवरूनच येते, आणि त्या समुद्राची अवस्था बाजारातल्या पाटीवरही कळते. तळहातावर मावेल एवढे पापलेट आज उघड्यावर विकले जाते आणि घेतलेही जाते. याच पापलेटला राज्य सरकारने २०२३ साली ‘राज्य मासा’ म्हणून मान दिला. त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकारमान ठरवून त्याहून लहान मासा पकडायला बंदी केली. एकाच माशाच्या वाट्याला मान आला, कायद्याचे संरक्षण आले आणि पिल्लू असतानाच पाटीवर पडणेही आले. आपल्या मत्स्यव्यवस्थेचे खरे दुखणे या विसंगतीत आहे.

दुखणे किती खोल आहे ते आकडे सांगतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २०१७ मध्ये ३.८१ लाख टन मासळी उतरली. पुढच्या वर्षी ती २.९५ लाख टनांवर आली आणि २०१९ मध्ये २.०१ लाख टनांवर, म्हणजे ४५ वर्षांतल्या नीचांकावर. त्या वर्षी वादळांमुळे होड्या बरेच दिवस बंदरात बसून होत्या, हे खरे. पण एका वर्षाच्या वादळाने सगळी घसरण समजावता येत नाही. होड्या वाढल्या, इंजिने मोठी झाली, जाळी बारीक झाली, समुद्र तेवढाच राहिला.

मग नियम नव्हते का? भरपूर होते. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. राज्याची हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत. त्यापलीकडची मासेमारी हा संविधानानुसार केंद्राचा विषय. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने, मासळीचा थवाच्या थवा घेरून पकडणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर कडक निर्बंध आले. पर्ससीनचा अभ्यास करणाऱ्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालावर आधारलेल्या या आदेशाने झाई ते मुरुड या पट्ट्यात पर्ससीन पूर्ण बंद केले, बाकीच्या किनाऱ्यावर हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढा आखला आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत उतरवायचे ठरवले. पालघर जिल्ह्याचा सगळा किनारा या बंदीच्या पट्ट्यात येतो. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या झोतात मासे ओढून केलेल्या मासेमारीवर बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याने १९८१ च्या कायद्यात सुधारणा केली. पूर्वी दंड पकडलेल्या मासळीच्या किमतीशी जोडलेला होता आणि प्रकरण तहसीलदारांपुढे चाले. सुधारणेनंतर अधिकार मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांकडे आले, बेकायदा पर्ससीनला एक ते सहा लाख आणि एलईडीला पाच ते वीस लाख रुपये दंड ठरला. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनची नजरही आली. पालघरसाठी तिचे ठाणे शिरगावला आहे.

एवढे सगळे असूनही किनाऱ्यावरची तक्रार तीच आहे: रात्री दिवे दिसतात, गस्ती नौका पोहोचेपर्यंत विझतात. खोल समुद्रात पुरावा फार थोडा वेळ टिकतो. शंभर किलोमीटरहून लांब किनारा, अंधार, भाड्याने घेतलेली गस्ती नौका आणि मोजके कर्मचारी यांच्या बळावर बारा मैलांचा पट्टा राखता येत नाही. त्यात हद्दीची अडचण आहे. बारा मैलांच्या आत गुन्हा ठरणारी मासेमारी पलीकडे मोकळी असेल, तर जाळे नेमके कुठे टाकले हे सिद्ध करण्यातच प्रकरण अडकते. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या प्रकरणात बारा मैलांबाहेर आठवड्यातून दोन दिवस पर्ससीनला सशर्त अंतरिम परवानगी दिली, तेव्हा ही अडचण देशभर दिसली. मासा सागरी मैल मोजत नाही. कायदा मात्र मोजतो.

अशा वेळी एक उत्तर सुचवले जाते: प्रगत देशांसारखा कोटा ठरवा. दरवर्षी कोणत्या जातीचा किती टन मासा काढायचा हे सरकार ठरवेल, प्रत्येकाला वाटा मिळेल, वाटा संपला की जाळे बंद. भारतात अशी पद्धत नाही. आपण होड्या, जाळी, जागा आणि दिवस यांवर मर्यादा घालतो, काढलेल्या मासळीवर घालत नाही. कोट्याची कल्पना मोहक आहे, पण तिचा इतिहास नीट पाहायला हवा.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर कॉड माशासाठी कोटा होता, शास्त्रज्ञ होते, गस्तीची जहाजे होती. मासा लहान होतो आहे, किनाऱ्याला येईनासा झाला आहे, असे छोट्या होड्यांवरचे मच्छिमार सांगत होते. सरकारी अंदाज मात्र साठा भरपूर असल्याचे दाखवत राहिले आणि कोटा त्या अंदाजावर ठरत राहिला. २ जुलै १९९२ रोजी मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३० हजार माणसांचा रोजगार गेला, आणि व्यापारी मासेमारीवरची ती बंदी उठायला २०२४ साल उजाडले. आइसलँडमध्ये कोट्याने मासा बऱ्याच अंशी सावरला. पण तिथे १९९० च्या कायद्याने कोटा खरेदी-विक्रीचा हक्क झाला. तो हळूहळू मोठ्या कंपन्यांकडे एकवटला आणि अनेक लहान गावांची बंदरे ओस पडली. मोजणी वरून खाली आली आणि खालचा आवाज वर पोहोचला नाही, तर कोटाही मासा वाचवत नाही. मासा वाचला, तरी मच्छिमार वाचेलच असे नाही.

आपल्या समुद्रात आणखी एक अडचण आहे. थंड समुद्रात एका जाळ्यात अनेकदा एकाच जातीचा मासा येतो. अर्नाळ्याच्या डोलीत एकाच वेळी बोंबील, जवळा, करंदी, मांदेली आणि पापलेटची पिल्लेही येतात. डोलजाळे भरती-ओहोटीच्या ओढीवर चालते. पाण्याच्या धारेत तोंड उघडून उभे राहते आणि धार जे आणील ते घेते. जवळा पकडायचा तर जाळ्याच्या शेपटाकडची आस (भोकाचे आकारमान) बारीकच ठेवावी लागते. अशा जाळ्यासाठी जातवार टनांचा कोटा कोण मोजणार? आणि डोलीवाल्याला लहान पापलेटसाठी दंड करायचा, तर ते पिल्लू जाळ्याबाहेर कसे पडेल याची तजवीज आधी करायला हवी. ती न करता केलेला दंड त्याला अन्यायच वाटणार, आणि अन्याय वाटणारा नियम माणूस पहाऱ्याची पाठ फिरली की मोडतो.

म्हणून माझे म्हणणे असे की समुद्रावरचा नियम तिथेच टिकतो, जिथे त्या समुद्रावर पोट असलेल्यांचा तो नियम करण्यात आणि राखण्यात हात असतो. आपल्याकडे अशी परंपरा नव्हती असे नाही. डोल मारण्याची जागा म्हणजे कव. कोणत्या गावाची कव कुठे, खुंट कुठे रोवायचे, शेजाऱ्याच्या धारेत जाळे येऊ नये म्हणून किती अंतर ठेवायचे, हे कोळीवाडे पिढ्यान्‌पिढ्या आपसांत ठरवत आले. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला डोल लागते, त्यांच्या मधल्या भांगाला ती थांबते. म्हणजे चंद्राच्या तिथीनेही समुद्राला विसावा मिळतो. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी दर्यात न लोटण्याची रीत ही प्रजननकाळातली बंदीच होती. पूर्वी सरकारी बंदीकाळही या सणाशी जोडलेला असे. आज तो ३१ जुलैला संपतो. २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला आली. रीत पाळणाऱ्याने महिनाभर वाट पाहायची आणि न पाळणाऱ्याने पहिली मासळी न्यायची, अशी कायद्याने संयमाची किंमत संयमी माणसाकडून वसूल केली.

मात्र परंपरेचे नाव घेऊन थांबता येणार नाही, कारण तिची मर्यादाही याच किनाऱ्याने दाखवली आहे. वसई, अर्नाळा, उत्तनच्या डोलीवाल्यांच्या कवी उत्तरेकडे सरकत गेल्या आणि सातपाटी-डहाणूच्या दालदी व गिलनेट जाळी लावणाऱ्यांशी त्यांचा वाद पेटला. एकाच्या खुंटांत दुसऱ्याची जाळी अडकतात, फाटतात. एकाच्या डोलीत सापडणारे पिल्लू हे दुसऱ्याचे पुढच्या वर्षीचे पापलेट असते. हा वाद अनेक दशके बैठकांमधून फिरतो आहे. एका गावाची रीत गावात चालते. दोन गावांमधल्या, दोन जाळ्यांमधल्या तंट्यात दोघांनाही मान्य असलेले, हाती अधिकार असलेले पीठ लागते. ते पीठ आजवर उभे राहिलेले नाही. गावाच्या रीतीला कायद्याचे बळ नाही आणि सरकारच्या कायद्याला गावाचे बळ नाही.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते नेमक्या या प्रश्नावरच्या कामासाठी. सामाईक संपत्ती फक्त सरकार किंवा खासगी मालकच राखू शकतो, हा समज त्यांनी जगभरच्या उदाहरणांनी खोडून काढला. तुर्कस्तानातल्या अलान्या बंदरातले मच्छिमार हंगामाच्या सुरुवातीला मासेमारीच्या जागा चिठ्ठ्या टाकून वाटून घेत आणि रोज एकेक जागा पुढे सरकत. चांगली जागा प्रत्येकाच्या वाट्याला येई, म्हणून पहारा प्रत्येकजण ठेवी. जपानमध्ये किनारी मासेमारीचे हक्क कायद्यानेच मच्छिमार सहकारी संस्थांकडे आहेत. सहकार आपल्याला नवा नाही. सातपाटीची मच्छिमार सहकारी चळवळ स्वातंत्र्याच्या काळापासूनची आहे. पापलेट तिथे वजनाने, प्रतवारीने विकत घेतले जाते आणि त्याची नोंद वहीत होते. लहान पापलेटचे प्रमाण वाढले, तर ते सातपाटीच्या वहीत दिसते.

इथून वाट काढता येते. पहिली गोष्ट, तपासणीचा भर समुद्रावरून बंदरावर आणावा. समुद्र अफाट आहे. मासळी उतरण्याच्या जागा मोजक्या आहेत. पर्ससीनचे जाळे, एलईडीचा जनित्रसंच, पिल्लांच्या पाट्या, हे सगळे शेवटी जेट्टीवरच येते. तिथे परवाना अधिकारी, संस्थेचा प्रतिनिधी आणि मासळी विकणाऱ्या महिलांची प्रतिनिधी यांचे संयुक्त पथक असावे आणि त्याच्या पंचनाम्याला कायद्यात स्थान असावे. दुसरी, डिझेलच्या कोट्याचा उपयोग करावा. आपले सरकार माशाचा कोटा ठरवत नाही, पण डिझेलचा ठरवते. दरवर्षी संस्थांमार्फत नौकांना तो मंजूर होतो आणि कराची रक्कम परत मिळते. मच्छिमारीचा मोठा खर्च डिझेलचा असल्याने ही सवलत रोखणे दंडापेक्षा लवकर परिणाम करते. दोषी नौकेची सवलत पूर्ण हंगाम थांबावी, आणि पिल्ले निसटतील असे जाळे वापरणाऱ्याला ती वाढवून मिळावी. तिसरी, कवींचा तंटा आणि बंदीचे दिवस ठरवायला जिल्ह्याची मत्स्य परिषद असावी. डोल, गिलनेट, ट्रॉलर, महिला विक्रेत्या, संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ आणि खाते तिच्यात असावेत, आणि तिचा निर्णय सल्ला न राहता बंधनकारक असावा.

चौथी गोष्ट पैशांची आहे. बंदीच्या काळात खलाशाच्या घरात चूल पेटली पाहिजे. केंद्राच्या बचत-नि-मदत योजनेत पात्र मच्छिमाराला सरकारकडून ३,००० रुपये मिळतात, त्यात त्याचे स्वतःचे १,५०० घालून एकूण ४,५००. दोन महिने उत्पन्न बुडणाऱ्या घराला ही रक्कम पुरत नाही. संयम सगळ्या समाजाच्या हिताचा असेल, तर त्याचा भार एकट्या कोळीवाड्यावर टाकता येणार नाही.

यावर आक्षेप येईल की नियमन मच्छिमारांच्या हाती दिले, तर गावातले बलवान, जास्त होड्यांचे मालक ते काबीज करतील. ही भीती खरी आहे. म्हणूनच परिषदेत खलाशी आणि विक्रेत्या हव्यात, नोंदी सार्वजनिक हव्यात, आणि शेवटची जबाबदारी सरकारचीच हवी. सरकारने मागे सरावे असे मी म्हणत नाही. एकट्याने न पेलणारे काम त्याने एकट्याने करत असल्याचे सांगू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

आणि सरकारला अधिकार वापरायचा असेल, तर नैतिक बळही कमवावे लागेल. तारापूरच्या औद्योगिक सांडपाण्याविरुद्ध मच्छिमार मांगेला समाजाला राष्ट्रीय हरित लवादाकडे जावे लागले. वाढवणच्या ७६,२०० कोटी रुपयांच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली, ती मच्छिमारांच्या प्रदीर्घ विरोधानंतरही. ज्या समुद्रात भराव घातला जातो आणि ज्या खाडीत रसायन सोडले जाते, त्याच समुद्रातल्या पिल्लांसाठी फक्त डोलीवाल्याला जबाबदार धरले, तर तो कायद्याचा आदर कशासाठी करील? नियम सगळ्यांना सारखा हवा, किनाऱ्यावरच्या कारखान्यालाही आणि किनाऱ्यावरच्या होडीलाही.

शेवटी बाजारातल्या माणसाचा वाटा उरतो. तळहाताएवढे पापलेट विकत घेणारा प्रत्येक जण त्या बेकायदा जाळ्याची मजुरी देतो. चांदीपमध्ये असो, विरारमध्ये असो वा दादरमध्ये, ते पापलेट घेऊ नका. आणि पालघरच्या लोकप्रतिनिधींकडे एक मागणी लावून धरा: जिल्हा मत्स्य परिषद कायद्याने स्थापन व्हावी, आणि तिची सुरुवात पालघरमध्येच व्हावी. राज्य मासा जिथून येतो, तिथल्या मच्छिमाराला तो राखण्याचा अधिकारही मिळाला पाहिजे.