कडेवरचं भावंड

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1950च्या दशकात डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर काम करू लागल्या, तेव्हा वारली पाड्यांवरच्या मुली शाळेत का येत नाहीत याचं उत्तर त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. आईबाप मजुरीला गेलेले आणि धाकटं भावंड बहिणीच्या कडेवर. तिला शाळेत आणायचं, तर बाळालाही आणावं लागणार होतं.

आपल्याकडे बालशिक्षणाचा विचार इथवर पोचायला बरीच वर्षं लागली. मारिया माँटेसरींनी 1907 साली रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह काढलं, तेही कामावर गेलेल्या आईबापांच्या मुलांसाठीच. पण त्यांच्या पद्धतीच्या केंद्रस्थानी एकेकटं मूल होतं. प्रत्येकाची गती वेगळी, प्रत्येकाने साधन निवडावं, मोठ्यांनी मधे पडू नये. छडीच्या धाकात वाढणाऱ्या आपल्या मुलांना या स्वातंत्र्याची फार गरज होती. गिजुभाई बधेकांनी 1920 साली भावनगरला बालमंदिर सुरू केलं, पुढे ताराबाई त्यांना येऊन मिळाल्या आणि मुलांना मारू नका, भीती घालू नका, हे पालकांना पटवण्यात त्या दोघांची उमेदीची वर्षं गेली. मात्र या मुलांना वेळेवर तयार करून शाळेत पोचवणारं कुणीतरी घरी होतं.

1945 मध्ये ताराबाई बोर्डीला काम करू लागल्या, तेव्हा घरी असं कुणीतरी असतंच हे गृहीतक कोसळलं. दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, म्हणून शिक्षिकाच वस्तीत गेल्या आणि अंगणात मुलं जमवू लागल्या. महागड्या साधनांऐवजी शंखशिंपले, बिया, पानं आली. ही गोष्ट बहुतेक वेळा स्वस्त साधनांची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला त्याहून मोठा वाटतो तो मुलाकडे पाहण्यातला बदल. बोर्डीत मूल वस्तीसकट दिसलं, कोसबाडला भावंडासकट. म्हणूनच तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मुलांच्या घरची रीत मोडण्याऐवजी शाळेनेच आपली घडी बदलली.

भावंड सांभाळण्याने मूल नेमकं काय शिकतं, याचा अभ्यास वेगळ्याच लोकांनी, मानववंशशास्त्रज्ञांनी केला. बिअ‍ॅट्रिस आणि जॉन व्हायटिंग यांनी सहा समाजांतल्या मुलांच्या वागण्याची निरीक्षणं 1975 साली पुस्तकरूपाने मांडली. केनियातलं न्यान्सोंगो, मेक्सिकोतलं हुश्त्लाहुआका, फिलिपिन्समधलं तारोंग इथल्या मुलांवर घरकामाची आणि लहानग्यांची जबाबदारी असे. ती मुलं इतरांना मदत करण्यात, धीर देण्यात पुढे दिसली. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमधली मुलं लक्ष वेधण्यात आणि हुकूम सोडण्यात अधिक रमत. उत्तर प्रदेशातलं खालापूरही याच दुसऱ्या गटात मोडलं, त्यामुळे ‘पूर्व आणि पश्चिम’ अशी सोपी विभागणी टिकत नाही. कॅरल एम्बर यांनी केनियातल्या लुओ मुलग्यांचा अभ्यास केला. ज्यांच्या वाट्याला घरात मुलींची मानली जाणारी कामं आली होती, त्यांचं वागणं इतर मुलग्यांपेक्षा कमी आक्रमक आणि मुलींच्या जवळ जाणारं आढळलं.

या निष्कर्षांचा आधार घेऊन कुणी मुलींच्या कष्टांचं कौतुक करू लागलं, तर मला ते सहन होणार नाही. आठ वर्षांच्या मुलीचा अख्खा दिवस बाळ सांभाळण्यात जातो, तेव्हा तिचं बालपण खर्ची पडतं. पण शहरातल्या कितीतरी मुलांनी मोठं होईपर्यंत एकही तान्हं बाळ कडेवर घेतलेलं नसतं, रडणाऱ्या लहानग्याची समजूत काढलेली नसते, हाही तोटाच आहे आणि त्याची पालकसभेत कुणी चौकशी करत नाही. वयानुसार काटेकोर वर्ग पाडून आपण तो आणखी वाढवला.

1975 मध्येच एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. विकासवाडीतली पाळणाघराची जोड मात्र मागे राहिली. तीन वर्षांखालचं मूल अंगणवाडीत येतं ते मुख्यतः वजन, लसीकरण आणि आहारापुरतं. उरलेला दिवस ते घरी असतं आणि आई कामावर गेली की पुन्हा बहिणीकडेच येतं. आता केंद्राच्या ‘पालना’ योजनेत अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. ही पाळणाघरं शाळेच्या आवारातच व्हावीत आणि मोठ्या वर्गांतल्या मुलींना, तितक्याच आग्रहाने मुलग्यांनाही, रोज थोडा वेळ तिथे बाळांसोबत घालवता यावा.