पाणी जाईपर्यंत

डोळे मिटू नका. मननाला बसताना आधी डोळे मिटायला सांगतात, पण आज थोड्या वेळाने आपल्यासमोर तापलेलं तेल असणार आहे, तेव्हा ती रीत बाजूला ठेवू. खांदे मात्र सैल सोडा. फोन दुसऱ्या खोलीत राहू दे. ओट्यावर टोफूचं पाकीट आहे, घट्ट जातीच्या टोफूचं. ते कात्रीने कापा, आतलं पाणी ओतून द्या आणि वडी तळहातावर घ्या.

थंड आहे. वाटते त्यापेक्षा जड आहे. बोटाने हलकेच दाबा; किंचित दबते आणि परत वर येते. वास जवळजवळ नाहीच, असलाच तर भिजवून वाफवलेल्या कडधान्याचा. लगेच पनीर आठवेल. आपल्याकडे टोफू ‘सोया पनीर’ म्हणूनच विकला जातो, आणि मग बिचारा प्रत्येक घासाला पनीरच्या परीक्षेत नापास होतो. ती तुलना मनात आली तर येऊ द्या, आणि जाऊ द्या.

तळहातावर आहे ते सोयाबीन. ते रात्रभर भिजलं, पाण्याबरोबर वाटलं गेलं, उकळलं, गाळलं गेलं. चोथा मागे राहिला. खाली उतरलेल्या दुधात कोणीतरी क्षार घातला. जपानमध्ये त्यासाठी परंपरेने निगारी वापरतात, म्हणजे समुद्राच्या पाण्यातून मीठ काढून घेतल्यावर उरणारं कडू पाणी. त्यात मुख्यतः मॅग्नेशियम क्लोराइड असतं. चीनमध्ये बऱ्याच ठिकाणी जिप्सम घालतात. क्षार पडला की दुधातली प्रथिनं एकमेकांना धरतात, त्यांची जाळी तयार होते आणि त्या जाळीत पाणी अडकून राहतं. हातावर आत्ता जे वजन जाणवतंय, त्यातलं साधारण ७० ते ८५ टक्के पाण्याचं आहे.

आज एवढंच धरून ठेवायचं. कुरकुरीतपणा पाण्याच्या जाण्यातून येतो, आणि पाणी त्याच्या वेळेने जातं.

जुना धुतलेला सुती पंचा घ्या. वडी त्यात गुंडाळा, वर ताटली ठेवा, ताटलीवर खलबत्ता. फार वजन नको; वडी चिरडायची नाही. अर्धा तास असंच राहू द्या. या अर्ध्या तासात कांदा चिरू नका, भांडी आवरू नका. पंच्याची कड हळूहळू ओली होत जाते, तिच्याकडे पाहा.

मन भटकेल. भटकू द्या, पण फार लांब नको, लातूरपर्यंत. पाऊस बऱ्यापैकी झाला की मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीन पेरतात, आणि दसऱ्याच्या आसपास काढणी-मळणीची धांदल असते. त्या पिवळट दाण्यात वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा तेल असतं आणि त्याच्या जवळजवळ दुप्पट प्रथिनं. माल मार्केट यार्डातून तेलाच्या कारखान्यात जातो. तिथे तेल निघतं. उरलेली पेंड बहुतेक कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात जाते. पिकवणाऱ्याच्या घरी भाव रोज विचारला जातो, ताटात मात्र हा दाणा क्वचितच पडतो. मला हे नेहमीच चमत्कारिक वाटत आलं आहे.

आता ओट्यावरची तेलाची पिशवी उलटून पाहा. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत ती सोयाबीन तेलाचीच असते. तुमच्याकडेही असेल, तर एकाच पिकातून निघालेल्या दोन वस्तू, दोन वेगळ्या वाटांनी आलेल्या, थोड्या वेळात एका कढईत भेटणार आहेत. शेंगदाणा तेल असेल तरी बिघडत नाही, तळण उत्तमच होईल. पण सोयाबीनचं असेल तर दोन श्वास इथे थांबा.

पंचा उलगडा. वडी थोडी बसलेली दिसेल. सुरी बाजूला ठेवा आणि तिचे हाताने तुकडे मोडा, सुपारीपेक्षा मोठे, वेडेवाकडे. सुरीने कापलेला चौकोन दिसतो छान, पण त्याच्या बाजू गुळगुळीत असतात. मोडलेल्या तुकड्याला कडा असतात, खाचा असतात, आणि कुरकुरीत व्हायला तिथे जास्त जागा मिळते. तुकड्यांवर मीठ भुरभुरा, चिमूटभर मिरपूड. मग कॉर्नफ्लॉवर. बेसन नको, बेसनाने भजी होतील, आणि भज्यांचं मनन वेगळं, त्याला पाऊस लागतो. मैदाही नको. त्यात ग्लुटेन असतं, त्यामुळे कवच चिवटपणाकडे झुकतं. कॉर्नफ्लॉवर म्हणजे निव्वळ स्टार्च. तुकड्याच्या अंगावरचा उरलेला ओलावा तो शोषतो, तेलात फुलतो आणि मग सुकून कडक होतो. जपानमध्ये आगेदाशी टोफूला याच कामासाठी बटाट्याचा स्टार्च लावतात. तिथे टोफूचं वेड जुनंच आहे. १७८२ साली ओसाकात निव्वळ टोफूच्या शंभर पाककृतींचं पुस्तक निघालं होतं.

स्टार्च लावून तुकडे तसेच ठेवू नका, चिकट होतात. म्हणून तेल आधीच तापत ठेवलेलं बरं. पिठाचा एक कण तेलात टाकून बघा. तळाशी जाऊन तिथेच बसला तर थांबा. पडता पडता फसफसून वर आला तर तेल १७०-१८० अंशांच्या आसपास आहे.

चार-पाच तुकडे सोडा, कढईच्या कडेने, हात खाली नेऊन. आता ऐका.

आपण म्हणतो तेल चुरचुरतंय. चुरचुरतंय ते पाणी. तुकड्याच्या पृष्ठभागाजवळचं पाणी उकळतं आणि त्याची वाफ होते. वाफेला पाण्यापेक्षा सुमारे सोळाशे पट जागा लागते, म्हणून ती धक्के देत बाहेर पडते. प्रत्येक बुडबुडा म्हणजे निघून चाललेलं थोडं पाणी. ते जोरात बाहेर पडत असतं तोवर तेलाला आत शिरायला फारशी वाट मिळत नाही. आणि पृष्ठभाग पुरेसा ओला आहे तोवर तो १०० अंशांच्या फार वर जाऊच शकत नाही, भोवतीचं तेल कितीही तापलेलं असो. पहिली काही मिनिटं तुकडे पांढरेच दिसतात ते यामुळे. या क्षणी आच मोठी करायला हात पुढे जाईल. तो जातोय, एवढं फक्त बघा. झारा घेऊन ढवळायचीही इच्छा होईल. तुकडे तळाला किंवा एकमेकांना चिकटलेले वाटले तरी ओढू नका. कवच धरलं की बहुतेक स्वतःच सुटतात.

आवाजाकडे परत या. आधी तो भरगच्च होता, कढईभर. आता त्यात फटी पडू लागल्या आहेत. बुडबुडे लहान झाले, विरळ झाले. पृष्ठभागावरचं पाणी संपत आलं, आता तिथलं तापमान चढतंय, आणि रंग येतो तो या टप्प्यावर. आधी कडांना, मग पोटाला. इथे घड्याळापेक्षा कानावर भिस्त ठेवलेली बरी. आवाज पार थांबेपर्यंत मात्र थांबू नका. आतला मऊ भाग उरायला हवा, नाहीतर हातात खडा येईल.

झाऱ्याने उचला, कढईवरच नीट निथळू द्या. घाई इथे नको, आळसही नको. तुकडा तेलाबाहेर आला की आतली वाफ थंड होऊन आक्रसते आणि अंगावरचं तेल आत ओढलं जातं. टोफू तेलकट होतो तो बराचसा याच मिनिटात. मग जाळीवर ठेवा. कागदावर ठेवले तर खालच्या बाजूला वाफ कोंडते आणि मिळवलेलं सगळं तिथेच मऊ पडतं.

ज्यांना हौस आहे त्यांनी दुसऱ्यांदा तळावं. जपानी आबुरागे, म्हणजे टोफूचे पातळ तळलेले काप, असेच दोनदा तळले जातात: आधी कमी तापलेल्या तेलात, तिथे ते फुगतात, मग जास्त तापलेल्या तेलात, तिथे रंग घेतात. आपल्या तुकड्यांना दुसऱ्या खेपेला मिनिटभर पुरतं. यावेळी आवाज सुरुवातीपासूनच कोरडा, बारीक असतो.

एक तुकडा फुंकर मारून दातांखाली धरा. आधी आवाज, मग काहीच नाही, मग आतला गरम, जवळजवळ बेचव मऊपणा. त्या बेचवपणावर घटकाभर राहा, लगेच सॉसकडे धावू नका. मग सोया सॉस, जरासा गूळ, लिंबू आणि किसलेलं आलं कालवून ताटलीत खाली पसरा आणि तुकडे त्यावर ठेवा. वरून ओतलंत तर कवच तिथल्या तिथे भिजेल.

झाकण ठेवू नका. आतलं पाणी अजून संपलेलं नाही, ते कवचाकडे सरकतच असतं आणि पंधरा-वीस मिनिटांत त्याला मऊ करतं. म्हणून घरात कोणी उशिरा येणार असेल तर त्यांच्या वाटणीचे तुकडे कच्चेच ठेवा, स्टार्चही न लावता. ते आले, हातपाय धुऊन बसले, की कढई पुन्हा तापवा.