शिफारसपत्राची नीति

आमच्या धंद्यांतील माणसाला होणाऱ्या लहानसहान त्रासांची यादी करावयास बसलें तर ती बरीच लांबेल. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, सभांचीं इतिवृत्तें, व्याख्यान रंगांत आलें असतां कोणाच्या तरी खिशांत वाजणारा फोन आणि 'सर, हें परीक्षेला आहे का?' हा सनातन प्रश्न, या साऱ्यांची माणसाला संवय होते. एका त्रासाची संवय मात्र सत्तावीस वर्षें शिकवूनहि मला झालेली नाहीं. तो त्रास शिफारसपत्र लिहिण्याचा. आरंभीं मला वाटे, कीं यांत फार तर वेळ जातो. पुढें वाटूं लागलें, कीं हा शिष्टाचाराचा प्रश्न आहे. हल्लीं माझी अशी खात्री झाली आहे, कीं हा नीतीचाच प्रश्न असून आपण समजतों त्याहून तो बराच अवघड आहे.

पत्र मागावयास येणारांचे प्रकार अनेक. परदेशीं शिकावयास निघालेला विद्यार्थी येतो. त्याच्या विद्यापीठाचा संगणकावरील अर्ज मला विचारतो, कीं आजवर शिकविलेल्या विद्यार्थ्यांत हा शंभरांतून पहिल्या पांचांत बसतो, दहांत बसतो, कीं पंचविसांत? मीं आजपर्यंत पहिल्या पांचांत बसविलेले सगळे विद्यार्थी एकत्र केले तर आमच्या कॉलेजचें सभागृह अपुरें पडेल. कोणी नातलगाच्या ओळखीनें येतो, कोणी पेढ्यांचा पुडा घेऊन येतो. कोणी पत्रच स्वतः लिहून आणतो आणि अदबीनें म्हणतो, 'सर, आपल्याला त्रास नको म्हणून मीच तयार करून आणलें. आपण फक्त सही करावी.' अशा एका पत्रांत त्या चिरंजीवांनीं स्वतःला तीन ठिकाणीं 'असामान्य' म्हटलें होतें आणि माझें नांव चुकीचें लिहिलें होतें. मीं नांव तेवढें दुरुस्त केलें आणि सही केली!

हा रोग नवा नव्हे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळीं बेंजामिन फ्रँकलिन पॅरिसमध्यें असतांना तिकडच्या सैन्यांत अधिकाराची जागा मिळावी म्हणून फ्रेंच लोकांनीं त्याला शिफारशींसाठीं इतकें भंडावून सोडलें, कीं त्यानें १७७७ सालीं अनोळखी माणसासाठीं द्यावयाच्या शिफारसपत्राचा एक नमुनाच लिहून ठेवला. त्याचा आशय असा, कीं पत्र घेऊन येणाऱ्या गृहस्थाचें नांवहि मला ठाऊक नाहीं. त्याच्या गुणांविषयीं त्यालाच विचारावें, कारण ते माझ्यापेक्षां त्याला अधिक माहीत असणार. फ्रँकलिननें थट्टा केली आणि तो मोकळा झाला. मला तसें मोकळें होतां येत नाहीं. त्याचें कारण सांगतों.

सुमारें दहा वर्षांपूर्वीं एका कनिष्ठ महाविद्यालयांत तर्कशास्त्राच्या शिक्षकाची जागा निघाली. आमच्याच इमारतींत राहणारे एक वृद्ध गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. माझ्या आईच्या शेवटच्या दुखण्यांत हे गृहस्थ रात्रीं-अपरात्रीं धांवून आलेले. त्यांचें ऋण शब्दांनीं फिटण्यासारखें नव्हतें. मुलगा माझाच विद्यार्थी. वर्तनानें निर्मळ, वक्तशीर, अक्षर मोत्यासारखें. पण विषयांत गति बेताची. मीं लिहिलें, कीं तो तीक्ष्ण बुद्धीचा, चिंतनशील आणि विषयावर उत्तम प्रभुत्व असलेला आहे. दोनच दिवसांनीं त्याच जागेसाठीं माझी एक विद्यार्थिनी आली. तिच्याविषयीं हींच विशेषणें अक्षरशः खरीं होतीं. म्हणून मीं तींच लिहिलीं. खरें सांगावयाचें तर लिहिलींहि नाहींत. संगणकावर पहिलें पत्र होतेंच, त्यांतील नांव बदललें आणि 'तो'ची 'ती' केली.

जागा मुलाला मिळाली. कांहीं महिन्यांनीं एका लग्नांत त्या महाविद्यालयाचे प्राचार्य पंगतींत माझ्या शेजारीं बसले होते. ते सहज म्हणाले, 'सर, तुमच्या दोन्ही पत्रांत आम्हांला कांहीं फरकच सांपडेना. मग मुलाचें घर जवळ आहे, म्हणून त्याला घेतला.' त्यांच्या बोलण्यांत टोमणा नव्हता. पण पुढचा घांस माझ्या घशाखालीं उतरेना.

त्या दिवसापासून मीं माझ्या बचावासाठीं जीं कारणें शोधलीं, तीं येथें मांडतों. वाचकांपैकीं पुष्कळांनीं तीं आपापल्या धंद्यांत कधीं ना कधीं वापरलीं असतील.

पहिलें कारण असें, कीं शिफारसपत्र हा एक उपचार आहे. तें कोणी अक्षरशः खरें मानीत नाहीं, म्हणून तें खोटेंहि ठरत नाहीं. पत्राच्या शेवटीं 'आपला नम्र' लिहितांना माझ्या नम्रतेची जशी कोणी चौकशी करीत नाहीं, तसेंच हें. या युक्तिवादापुढें मला हेन्री सिज्विकचें उदाहरण आठवतें. लोकमान्यांचें १९१५ सालीं प्रसिद्ध झालेलें 'गीतारहस्य' ज्यांनीं वाचलें आहे त्यांना या इंग्रज नीतिशास्त्रज्ञाचें नांव परिचित असेल. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचा फेलो राहण्यासाठीं त्या काळीं इंग्लंडच्या प्रस्थापित धर्मपंथावर आपली निष्ठा असल्याची कबुली द्यावी लागे. अनेकांची ती निष्ठा उरलेली नव्हती. तरी उपचार म्हणून ते ती कबुली निभावून नेत. सिज्विकनें १८६९ सालीं फेलोपद सोडलें. दोनच वर्षांनीं, १८७१ सालीं, कायद्यानें ती अट रद्द झाली. थोडें थांबला असता तर त्याला कांहींच सोडावें लागलें नसतें. पण ज्या मजकुराखालीं आपली सही आहे तो मजकूर आपला आहे, असें त्याला वाटे. आणि तो केवळ उपचार असेल तर त्यासाठीं सहीच कशाला हवी, या प्रश्नाचें उत्तर माझ्यापाशीं नाहीं. शिवाय, उपचारावर कोणाची भाकरी अवलंबून नसते. माझ्या पत्रावर होती.

दुसरें कारण दयेचें. सत्यानें कोणाचें अकल्याण होत असेल तर सत्य बाजूला ठेवावें, असें आपल्याकडील थोरांनींच सांगितलें आहे ना? कांटनें १७९७ सालच्या आपल्या निबंधांत असें प्रतिपादन केलें, कीं मित्राच्या जिवावर उठलेला मारेकरी दाराशीं येऊन त्याचा ठावठिकाणा विचारूं लागला, तरीहि त्याच्याशीं खोटें बोलूं नये. आपल्या महाभारताचा कौल याच्या उलट आहे. कर्णपर्वांत श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिक ब्राह्मणाची कथा सांगतो. दरोडेखोरांच्या भयानें रानांत लपलेल्या लोकांचा पत्ता या सत्यव्रती कौशिकानें खरा सांगितला. ते लोक मारले गेले आणि कौशिक नरकांत गेला. या वादांत माझा कल महाभारताकडे आहे. पण तेथें प्रश्न प्राणांचा होता. माझ्या दारीं कोणता दरोडेखोर आला होता? एक सज्जन शेजारी आला होता आणि त्याला 'नाहीं' म्हणतांना दोन मिनिटें माझी मान खालीं गेली असती, इतकेंच. धर्मसंकटासाठीं शास्त्रानें ठेवलेली सूट मीं संकोचासाठीं वापरली. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. पण भिडेपायीं आपण स्वतःच्या पदरचें देतों तोंवर ती फार तर आपल्याला भिकेला लावते. मीं त्या दिवशीं दिलें तें दुसऱ्याच्या पदरचें होतें. शेजाऱ्याचें ऋण माझें, आणि तें फेडलें त्या मुलीनें.

बरें, ज्याच्यावर दया केली त्याचें तरी कल्याण झालें काय? त्या मुलाचा जीव शिकविण्यांत रमेना. वर्ग त्याला आवरेना, विषय त्याला पुरेना. दोन वर्षांच्या आंतच नोकरी सोडून तो एका पेढींत हिशेबाच्या कामाला लागला. तेथें त्याच्या वक्तशीरपणाची आणि मोत्यासारख्या अक्षराची आज वाहवा होते. हे दोन्ही गुण मीं पाहिले होते. ते मला लिहिण्याइतके मोठे वाटले नाहींत, म्हणून त्याच्यापाशीं नसलेले गुण मीं त्याला चिकटविले. खोट्या स्तुतींत जो अपमान दडलेला असतो तो हाच: तुझ्यांत जें खरोखर आहे तें सांगण्याजोगें नाहीं, असें आपण त्या माणसाला नकळत सांगत असतों.

तिसरें कारण मात्र खरोखरच बळकट आहे. सगळेच अतिशयोक्ति करीत असतां एकट्यानें मोजून-मापून लिहिलें, तर त्याचा दंड लिहिणाराला होत नाहीं, विद्यार्थ्याला होतो. बाजारांत प्रत्येक जण रुपयाला सव्वा रुपया म्हणत असेल, तर रुपयाला रुपया म्हणणाराचा माल बारा आण्यांचा समजला जाईल. माझ्या सत्यनिष्ठेची किंमत दुसऱ्या कोणाच्या पोरानें कां द्यावी? या आक्षेपाचें उत्तर मला कोणत्याहि ग्रंथांत सांपडलें नाहीं. तें सांपडलें त्या मुलीमुळेंच.

चार वर्षांनीं ती पुन्हां आली. मधल्या काळांत ती निरनिराळ्या महाविद्यालयांतून तासिका तत्त्वावर शिकवीत होती; म्हणजे जितके तास शिकवावें तितक्या तासांचा पैसा, आणि सुट्टी लागली कीं तोहि नाहीं. आतां दुसरीकडे जागा निघाली होती. 'सर, पत्र हवें होतें,' एवढेंच ती म्हणाली. पूर्वीच्या पत्राची हकीकत तिला ठाऊक होती कीं नव्हती हें मला आजहि माहीत नाहीं. विचारण्याचें धैर्य मला झालें नाहीं.

ती गेल्यावर मी लिहावयास बसलों आणि माझ्या ध्यानांत आलें, कीं तिच्यासाठीं माझ्यापाशीं एकहि शब्द शिल्लक नाहीं. सगळीं विशेषणें मीं वर्षानुवर्षें वाटून टाकलीं होतीं. तेव्हां मला तिच्या विद्यार्थिदशेंतील एक प्रसंग आठवला. न्यायशास्त्रांतील पंचावयवी वाक्य मी वर्गांत शिकवीत असें. पर्वतावर अग्नि आहे, ही प्रतिज्ञा. कारण तेथें धूर आहे, हा हेतु. जेथें धूर तेथें अग्नि, जसें स्वयंपाकघर, हें उदाहरण. त्यानंतर उपनय आणि निगमन. ॲरिस्टॉटलच्या तीन वाक्यांच्या मानानें हें लांबण आहे आणि त्यांतील स्वयंपाकघर तर निव्वळ भरतीचें आहे, असें मी कित्येक वर्षें सांगत आलों होतों. एके दिवशीं तास संपल्यावर, इतर मुलें निघून गेल्यावर, ती मला व्हरांड्यांत गांठून म्हणाली, 'सर, आपण स्वतःशीं विचार करतों तेव्हां स्वयंपाकघर नसलें तरी चालेल. पण दुसऱ्याला पटवून द्यावयाचें असेल, तर त्यानें जें स्वतः पाहिलें आहे असें कांहीं तरी दाखवावें लागेल ना?' तिचें म्हणणें बरोबर होतें. दुसऱ्या दिवशीं वर्गांत मीं माझें विधान दुरुस्त केलें.

हा प्रसंग मीं पत्रांत जसाच्या तसा लिहिला. तीक्ष्ण बुद्धि, चिंतनशीलता, प्रभुत्व यांपैकीं एकहि शब्द वापरला नाहीं. आणि लिहितां लिहितां माझ्या आक्षेपाचें उत्तर मला मिळालें. माझीं आजवरचीं सारीं पत्रें म्हणजे नुसत्या प्रतिज्ञा होत्या. 'ही हुशार आहे', 'हा मेहनती आहे'. हेतु नाहीं, उदाहरण नाहीं. प्रतिज्ञा कोणीहि फुगवावी आणि सर्वांनीं फुगविली कीं तिची किंमत उतरावी, हें ओघानेंच आलें. पण पाहिलेली गोष्ट फुगवितां येत नाहीं आणि तिचा भावहि उतरत नाहीं. सत्य आणि दया यांत निवड करावयाची आहे असें मी समजत होतों. पुष्कळदां ती निवड नसतेच. आपण त्या माणसाकडे नीट पाहिलेलें नसतें, एवढेंच. त्या मुलीनें स्वतः काय केलें होतें? गुरूची चूक तिनें लपविली नाहीं आणि चारचौघांत उघडीहि केली नाहीं. सत्याला योग्य जागा आणि योग्य वेळ शोधून दिली. शिष्टाचार याचेंच नांव असावें.

ती जागा तिला मिळाली नाहीं. निवडसमितीला अधिक अनुभवाचा उमेदवार हवा होता. ती आजहि तासांवर शिकवते. तेव्हां खऱ्या पत्राचें फळ ताबडतोब मिळतें असा दावा मला करतां येत नाहीं. पण या वेळीं तिच्यांत आणि दुसऱ्या कोणांत फरक दिसेना असें माझ्यामुळें झालें नाहीं, एवढें मी म्हणूं शकतों.

त्यानंतर मीं स्वतःपुरते दोन नियम केले आहेत. ज्याच्याविषयीं पाहिलेली एकहि गोष्ट सांगतां येत नाहीं त्याला पत्र द्यावयाचें नाहीं. आणि नकार द्यावयाचा तो समोरासमोर, चहा देऊन, कारण सांगून. तोंडावर होकार देऊन पत्रांत सूचक मौन पाळणें हा भित्र्याचा मार्ग आहे. या नियमांमुळें दोन घरांतून माझें जाणेंयेणें कमी झालें आहे, आणि पेढेहि अर्थातच कमी झाले आहेत. दुसरा एक फरक मात्र मला अपेक्षित नव्हता. पुढें कधीं तरी हींच मुलें पत्र मागावयास येतील या जाणिवेनें मी वर्गांत त्यांच्याकडे अधिक लक्ष देऊन पाहूं लागलों आहें. सत्तावीस वर्षांत हें आधींच करावयास हवें होतें.