उश्र, रोवणी आणि यंत्र

आमचा गोंदिया धानाचा जिल्हा. आषाढ-श्रावणात चिखलाच्या बांधीत दिवसभर वाकून रोवणी करतात त्या बहुतेक बायाच. आता रोवणीची यंत्रे आली. उद्या यंत्रमानव येतील. यंत्रमानवाने माणसाला इजा करू नये, हा नियम आयझॅक असिमॉव्हने १९४२ साली एका कथेत मांडला. आज माणसाचा धक्का लागताच थांबणारी यंत्रे घडत आहेत. पण इजा म्हणजे केवळ जखमच का? कंबर वाचली आणि मजुरी गेली, तर तिला काय म्हणावे?

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना माणशी दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला. पण डाळ, तेल, मुलांची वही मजुरीतूनच येते.

उश्रचा हिशोब आपण जाणतो. पावसावरच्या पिकात गरिबांचा दहावा हिस्सा, कष्टाने पाणी दिलेल्या पिकात विसावा. यंत्राच्या पिकाचा मसला उलेमांनी सांगावा. आम्हाला त्यातली हिकमत महत्त्वाची वाटते: ज्याचे कष्ट वाचले, त्याच्यावर इतरांचा हक वाढतो. म्हणून रोवणीचे यंत्र त्याच बायांना शिकवावे, त्यांच्या बचत गटाच्या मालकीचे करावे. रिज्क न हिरावणारे यंत्रच सुरक्षित म्हणावे.