सवलतीचे द्यूत

दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडे नावे पुष्कळ आहेत. बलिप्रतिपदा हे नाव सर्वांच्या ओळखीचे. वहीपूजनामुळे व्यापारीवर्गात त्याला विशेष मानही आहे. पण त्याच तिथीला ‘द्यूतप्रतिपदा’ असेही म्हणतात, याकडे आपण सद्गृहस्थ सोयीस्कर डोळेझाक करीत असतो. शंकर आणि पार्वती या दिवशी द्यूत खेळले, पार्वती जिंकली, म्हणून माणसानेही या दिवशी सकाळी चार डाव टाकून येत्या वर्षाचा कौल घ्यावा, अशी ती कथा आहे. वर्षभर ज्या गोष्टीला शास्त्र पाप म्हणते, तिलाच एका सकाळची परवानगी देते! मला यात शास्त्रकारांचा मोठा समंजसपणा दिसतो. माणूस मोहाकडे ओढला जाणारच. तेव्हा मोहाला दिवस नेमून द्यावा, वेळ नेमून द्यावी, आणि जमल्यास रक्कमही.

रक्कम नेमून देण्याचे काम मात्र शास्त्रकारांनी केले नाही. ते आमच्या घरात माझ्या मेहुण्याने केले.

हा मेहुणा म्हणजे सवलतींचा भक्त. साडीच्या दुकानातले कूपन, पेट्रोलपंपावरचे कूपन, मिठाईच्या पुड्यातून निघालेले कूपन, सगळी त्याच्या पाकिटात तारखेवार लावलेली असतात. सावनेरसारख्या तालुक्याच्या गावी ती वापरायला फारशी संधी नसते. म्हणून नागपूरला जायचे झाले की तो आधी पाकीट पाहतो आणि मग काम ठरवतो. गेल्या हिवाळ्यात त्याने कुठूनसे शोधून काढले की, पणजीला मांडवी नदीत जी कॅसिनोची जहाजे उभी असतात, त्यांवर आठवड्याच्या मधल्या वारी चारजणांनी मिळून गेले तर प्रवेशात सवलत मिळते. शिवाय त्या प्रवेशातच जेवण, गाणेबजावणे, आणि माणशी हजार रुपयांच्या खेळायच्या चिपाही येतात.

“भाऊजी,” तो म्हणाला, “जेवनाचे पैसे धरले त जुगार फुकटातच पडते!”

गणित शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली. या वाक्यात कुठेतरी एक पद गाळलेले आहे, असे मला तेव्हाच वाटले. पण ते कोणते, हे कळायला पणजीपर्यंत जावे लागले.

जाण्यापूर्वी मी सवयीप्रमाणे कायदा पाहिला. तो मोठा मनोरंजक निघाला. १९७६ या एकाच साली दोन कायदे झाले. गोव्यात सार्वजनिक जुगाराला बंदी करणारा, आणि आपल्या महाराष्ट्रात कॅसिनोंना परवाने देऊन त्यांच्यावर कर बसवणारा. पुढे काय झाले पाहा. गोव्याच्या बंदीत १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांपुरती एक खिडकी उघडली, १९९६ साली जहाजांसाठी दरवाजा उघडला, आणि आज मांडवीच्या पाण्यात रात्री जो लखलखाट दिसतो तो त्या दरवाजातून आलेला आहे. उलट महाराष्ट्राचा परवानगीचा कायदा एक दिवसही अमलात आला नाही; शेवटी २०२३ साली तो रद्द करण्यात आला. एकाने ‘नाही’ म्हणत म्हणत होकार दिला, दुसऱ्याने ‘हो’ म्हणून ठेवून कधी उठूनच पाहिले नाही. लग्नाच्या बाजारात असे दोन्ही प्रकार आपण पाहतो. आणि महाराष्ट्राने फार सोवळे मिरवावे असेही नाही. पोळ्याला आमच्याकडे झाडाखाली तीनपत्तीचा डाव बसला तर १८८७ च्या जुगारबंदीच्या कायद्याने पोलीस पत्त्यांसकट माणसे उचलतात; पण १९६९ पासून सरकार स्वतःची लॉटरी मात्र उघड विकत आले आहे.

या सगळ्यात एक गोष्ट मला विशेष टोचली. २०२० च्या फेब्रुवारीपासून गोवा सरकारने खुद्द गोव्याच्या रहिवाशांना या जुगारघरांत खेळायला मनाई केली. युरोपात मोनाकोच्या राजानेही आपल्या प्रजेवर मॉन्टे कार्लोच्या टेबलांपुरती अशीच बंदी घातलेली आहे. यजमान ज्या पंगतीला आपल्या मुलांना बसू देत नाही, त्या पंगतीचे आमंत्रण आम्हांला आलेले होते; आणि आम्ही तर त्यातही सवलत मागत होतो!

असो. नागपूरहून रेल्वेने मडगाव, तिथून पणजी. निघण्यापूर्वी सौभाग्यवतीने परतीच्या प्रवासाचे आणि धर्मशाळेइतक्याच स्वस्त एका लॉजचे पैसे वेगळे काढून आपल्या बटव्यात घातले आणि मला सांगितले, “याला हात लावायचा नाही. मागितले तरी मी देणार नाही.”

हे ऐकून मला दमयंती आठवली. ती आमच्या विदर्भाची लेक. अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या काठी कौंडिण्यपूर आहे, ते तिचे माहेर म्हणून दाखवतात. नळराजा पुष्कराशी द्यूत खेळायला बसला, हरत गेला, कोणाचे ऐकेना. तेव्हा दमयंतीने काय केले? तिने वार्ष्णेय सारथ्याला बोलावले, दोन्ही मुलांना रथात बसवले आणि माहेरी कुंडिनपुराला पाठवून दिले. राज्य गेले, अंगावरचे वस्त्र गेले, पण मुले पणाच्या बाहेर राहिली. जुगाराचे अंदाजपत्रक नावाची जी गोष्ट आजचे शहाणे लोक सांगतात, ती प्रथम एका वैदर्भीने केली. पुरुषांनी नळाख्यान रडत ऐकले; बायकांनी त्यातला हा एवढा मुद्दा घेतला.

जेटीवरून लहान बोटीने जहाजावर नेतात. आत गेल्यावर दिवस आहे की रात्र, हे समजण्याची सोय ठेवलेली नसते. आम्हांला मिळालेल्या चिपा एकदाच खेळायच्या होत्या. साधी चिप लावून जिंकलात तर ती चिपही परत मिळते आणि वर जिंकलेले पैसेही. कूपनाची चिप जिंकली काय, हरली काय, डीलर ती काढून घेतो, जिंकल्यास फक्त वरची रक्कम देतो. हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण मी जेवणाच्या रांगेत उभा राहून हिशेब केला तेव्हा मला त्यात एक संपूर्ण नीतिशास्त्र सापडले.

रूलेटच्या चक्राला एक शून्य धरून ३७ घरे असतात. १८ लाल, १८ काळी. लालवर किंवा काळ्यावर साधे हजार रुपये लावले तर सरासरीने २७ रुपये मालकाकडे जातात. ३७ घरांपैकी एका घराचा हा त्याचा वाटा. त्याला यापेक्षा जास्त काही करावे लागत नाही, लबाडीचीही गरज नाही. चक्र फिरत राहिले म्हणजे झाले. आता कूपनाची हजाराची चिप लालवर लावा. ३७ पैकी १८ वेळा हजार मिळतील, म्हणजे तिचे मोल ४८६ रुपये. तीच चिप एखाद्या एकट्या आकड्यावर लावा. ३७ पैकी एकदाच येईल, पण पस्तीसपट मिळेल. म्हणजे मोल ९४६ रुपये. जपून खेळणाऱ्याच्या हातात कूपन निम्मे होते, आणि उडाणटप्पूच्या हातात जवळजवळ शाबूत राहते! काटकसरी माणसाला आत ओढण्यासाठी जी वस्तू निघाली, तीच त्याच्या कानात सांगते की, बाबा रे, काटकसर सोड. इतकी हुशार चिठ्ठी मी सरकारी कचेरीतही पाहिलेली नाही.

मी हे मेहुण्याला समजावून सांगितले. त्याने लगेच आपली पाचशेची एक चिप सतरावर लावली, मग दुसरी लावली, आणि दोन मिनिटांत तो प्रेक्षक झाला. मी हिशेब ठाऊक असूनही लालच धरला. मला सरासरी मोल मिळवायचे नव्हते, संध्याकाळ लांबवायची होती. आणि पुस्तकातले गणित हजारो फेऱ्यांचे असते, माझ्याजवळ फेऱ्या दोन होत्या. पहिली चिप गेली. दुसऱ्या वेळी लाल आला आणि माझ्यापुढे पाचशे रुपये सरकले.

माझ्या शेजारी एक चाळिशीचे गृहस्थ बसले होते. दोन तासांत त्यांनी किती वेळा चिपा विकत घेतल्या, हे मोजायचे मी पुढे पुढे सोडून दिले. चिपा विकत घेतानाच त्यावर सरकारचा करही असतो. २०२३ च्या ऑक्टोबरपासून तो २८ टक्के होता, २०२५ च्या सप्टेंबरपासून ४० टक्के झाला आहे. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हते, एक प्रकारचे कामसूपण होते, जसे बँकेच्या खिडकीवरच्या कारकुनाच्या चेहऱ्यावर असते. माझा लाल आला तेव्हा ते माझ्याकडे वळले आणि मनापासून हसून म्हणाले, “वा अंकल, लग गया आपका!” त्यांनी माझा हातही दाबला. तेवढ्या वेळात त्यांची स्वतःची चवड डीलरने ओढून नेलेली होती.

त्यानंतर आम्ही जेवायला गेलो. जेवण उत्तम होते. माशांचे दोन प्रकार, कोंबडी, पुलाव, गोडात तीन पदार्थ. मेहुण्याने प्रत्येकाची किंमत बाहेर किती पडली असती ते सांगत सांगत खाल्ले. आणि मला त्याच्या समीकरणातले गाळलेले पद तिथे सापडले. जुगार आम्हांला फुकटात पडला होता, हे खरे; पण फुकट असे काही पडत नाही, ते कुणावर तरी पडते. ज्या किमतीत आम्ही चौघे जेवलो, गाणे ऐकले, खेळलो, ती किंमत परवडण्यासाठी शेजारच्या खुर्चीवर तो गृहस्थ बसलेला असावा लागतो. त्याच्या हरण्यातून आमची पंगत उठत होती.

यावर सुज्ञ वाचक म्हणतील, जगात सगळेच असे चालते. देवळातला प्रसाद कुणाच्या तरी नवसाचा असतो. तुमच्या हातातला हा दिवाळी अंकसुद्धा केवळ तुमच्या पैशांवर निघत नाही. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून ही प्रथा पाडली, तेव्हापासून जाहिरातदार या अंकांना हातभार लावीत आले आहेत. हे सर्व मला मान्य आहे. परंतु अन्नदान करणाऱ्याला ठाऊक असते की तो जेवू घालतो आहे. जाहिरातदारालाही ठाऊक असते. माझा हात दाबणाऱ्या त्या माणसाला ते ठाऊक नव्हते.

गावी परतल्यावर एका बागाईतदार मित्राला मी हे सांगितले. तो हसला. त्याची संत्र्याची बाग आहे. “मास्तर,” तो म्हणाला, “आमच्याएवढा जुगार कोण खेळते जी? आंबिया बहारासाठी ऐन हिवाळ्यात झाडाचं पानी तोडाचं, झाड ताणावर ठेवाचं, मंग फूल येते का नाही ते पाहाचं. फूल आलं त गारपीट. फळ टिकलं त भाव. आम्हाले कोनी कूपन देल्लं का?” त्याचे म्हणणे खोटे नाही, आणि ते ऐकून मला थोडा वेळ गप्पच बसावे लागले. पण तो हरतो तेव्हाही झाडे उभी राहतात. आणि तो जिंकतो तेव्हा कोणाच्या तरी मुलाच्या हातात संत्रे येते. ३७ घरांच्या चक्रातून काही उगवत नाही; पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो, वाटेत थोडासा गळतो, एवढेच.

द्यूताच्या आपल्या सर्व कथा हरणाऱ्याच्या आहेत. ऋग्वेदातल्या अक्षसूक्तात विलाप करतो तो हरलेला जुगारीच. धर्मराज तोच, नळही तोच. नळाची गोष्ट मात्र थोडी पुढे जाते. ऋतुपर्ण राजाने बेहड्याच्या झाडाची पाने-फळे रथातून पाहून अचूक सांगितली आणि नळाला अक्षविद्या दिली. त्या विद्येच्या बळावर नळाने पुष्कराला हरवले, आणि हरवल्यावर त्याचे वैभव त्याला परत देऊन सन्मानाने त्याच्या नगरीला पाठवले. नळाला हे करता आले, कारण समोर बसलेला कोण, हे त्याला माहीत होते. जहाजावर सगळे जहाजाशी खेळतात, एकमेकांशी कोणीच खेळत नाही. मी जिंकलेले पाचशे परत करायचे म्हटले, तरी कुणाला करायचे?

सौभाग्यवतीला हे सर्व फाजील वाटते. “आपण घरी बसलो असतो तरी तो हरलाच असता,” ती म्हणते. “आपण त्याचे काय नेले?”

याला उत्तर नाही. पण हस्तिनापुरातही एक सभा भरली होती. तिथे भीष्म होते, द्रोण होते, कृपाचार्य होते. त्यांनी फासे टाकले नाहीत, काही जिंकले नाही, काही हरले नाहीत. डाव त्यांच्यावाचूनही झालाच असता. ते फक्त आपापल्या आसनांवर बसून राहिले, आणि अन्न त्या घरचे खात राहिले. व्यासांनी त्यांना खेळणाऱ्यांत धरले नाही. तरी द्रौपदीने प्रश्न विचारला तो त्यांनाच. आम्हां कूपनवाल्यांची जागा त्या आसनांच्या रांगेत कुठेतरी मागे असावी, असे मला वाटते. धर्मराजाने निदान आपले पणाला लावले होते.

यंदा मेहुण्याने नवी कूपने मिळवली आहेत. मी त्याला सांगितले की, गोव्याला येईन, पण त्या रात्री मिरामारला जाऊन बसेन आणि नंतर एखाद्या खाणावळीत रोख पैसे देऊन माशाचे ताट घेईन. तो दुखावला. सवलत चौघांनाच आहे; तिघे झाले तर पूर्ण दर पडतो. माझ्या तत्त्वाचा खर्च असा त्याच्या अंगावर पडणार, हे त्याने कागदावर मांडून दाखवले, आणि हिशेब बरोबर आहे. आता तो रोज संध्याकाळी येऊन चहा घेतो, आणि चौथा कोण मिळेल याचा विचार आम्ही दोघे मिळून करतो.