खैरात की देणे?

आम्ही शिक्षक मुलाच्या हाताला लेखणीचे वळण लावतो. साधनालाच हाताचे वळण द्यावे, हे आम्हाला सहसा सुचत नाही. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांची वाचा १९८५ मध्ये गेली. अमेरिकेतील वॉल्ट वोल्टोझ यांनी आजारी सासूबाईंसाठी केलेल्या कामातून घडवलेली संगणकप्रणाली त्यांच्या कामी आली. पडद्यावर शब्द पुढे सरकत. हवा तो येताच बटण दाबायचे. पुढे हातही थकला, तेव्हा चष्म्यावरचा सेन्सर गालाची हालचाल टिपू लागला.

याला खैरात म्हणावे का? खैरातीत देणारा बोलतो, घेणारा ऐकतो. इथे यंत्र थांबते आणि माणूस बोलतो. उत्तराला वेळ लागणाऱ्या मुलासाठी आम्ही थांबलो, तर ते उपकार कसले? ते आमचे देणेच आहे.