उभं आहे म्हणून

जुना दगडी वाडा विकणाऱ्याकडे एकच दाखला असतो. "शंभर वर्षं उभा आहे, काय होतंय त्याला!" आपण गप्प बसतो, कारण वयस्कर माणसाची तब्येत त्याच्या तोंडावर काढणं शिष्टाचारात बसत नाही. लातूरकडच्या एका वाड्याची दोन हात रुंद भिंत आमच्या मेहुण्यांनी म्हशीची पाठ थोपटावी तशी थोपटली आणि तिथेच निम्मा सौदा पक्का केला.

पण रुंद म्हणजे भक्कम का हो? अशी भिंत बहुधा एक नसतेच. आत एक, बाहेर एक, मधे गोटे नि माती. दोन्हींना सांधणारे आरपार दगड नसले, तर वाटणी झालेल्या भावांसारख्या त्या पाठीला पाठ लावून उभ्या. कुठे पोट सुटलं की समजावं, बोलणं बंद झालं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीत अशाच भिंती कोसळल्या, वरचं मातीचं माळवद अंगावर आलं, त्या भूकंपात हजारो माणसं गेली. ती घरंही आदल्या रात्रीपर्यंत उभीच होती.

म्हणून मला विकणाऱ्याचा राग येत नाही. तो खोटं कुठे बोलतो? प्रश्न आपला. तिथे आपली नातवंडं झोपणार असताना तेवढा दाखला पुरे मानायचा का? आरपार भोकं पाडून, सळ्या घालून काँक्रीट भरता येतं म्हणे. मेहुण्यांनी खर्च विचारला. आकडा ऐकताच त्यांना भिंत पुन्हा भक्कम दिसू लागली.